मदत हवी आहे: भाच्याला थंडीतल्या एफ४ (फॉर्म्युला ४ कार रेसिंग) सिरीजला पाठवावं का?

नमस्कार मंडळी, भाचा १५ वर्षांचा आहे, कार्टिंग बरं करतो, आता सिंगल सीटरचं (एका सीटच्या रेसिंग कारचं) खूळ डोक्यात बसलंय. युरोपचा सीझन बंद असतो तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत दुबई-अबुधाबीला एफ४ रेस होतात, तिकडे जायचं म्हणतोय. आणि नेमक्या त्याच वेळी दहावीच्या प्रिलिम! ताई तर हे ऐकूनच भडकलीय.

न्यूझीलंडची टोयोटाची सिरीजपण याच दिवसांत असते, एफ१वाल्या लँडो नॉरिसने २०१६ला तीच जिंकलेली, २०१७ला आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालाने तिथली ग्रां प्री मारली, पण ती गाडी एफ४पेक्षा वरची, म्हणून ते सध्या राहू दे.

पोरगा रोज गंगापूर रोडच्या घरी गच्चीवर हेल्मेट घालून, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून मानेचा व्यायाम करतो, शेजारचे आजोबा विचारतात याला झालंय काय 😄

तर नाशिक-पुण्यातलं कोणी पोराला पाठवलंय का? टीमला पैसे देताना टायर आणि गाडी ठोकली तर त्याचा खर्च धरलेला असतो की वेगळा? एफएमएससीआयच्या (आपल्याकडची मोटरस्पोर्टची संघटना) लायसन्सशिवाय अजून काय कागद लागतात? का आधी कोइम्बतूरला कारी रेस ट्रॅकवर टेस्टिंग करून बघावं? दहावीनंतर गेलं तर उशीर होईल का, हेपण सांगा, ताईला तेच ऐकायचंय.