तोंडाच्या कर्करोगात दोष तंबाखूचा, मग सुपारी निर्दोष कशी?

धागाकर्ता (दंतवैद्य, चंद्रपूर जिल्हा): परवा तेवीस वर्षांचा एक मुलगा दाढ दुखते म्हणून आला. एरवी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. याच्या दातांमधून दोनही जाईनात. वर्षभर तिखट सोसत नाही म्हणून आई त्याची भाजी वेगळी काढत होती. गालाला आतून बोट लावले, तर दोरीसारख्या ताठ पट्ट्या लागत होत्या. तंबाखूला हात लावला नाही, फक्त गोड सुपारी खातो, असे तो सांगत होता, आणि मला ते खरे वाटले. हा सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था, आणि त्याचे मुख्य कारण सुपारीच आहे. राज्यात 2012 पासून गुटखा व पानमसाला यांवर बंदी आहे. साध्या सुपारीकडे मात्र आपण अजून पूजेच्या ताटातली वस्तू म्हणूनच पाहतो. सुपारीच्या पुडीवरही तंबाखूसारखा चित्रासह इशारा असावा आणि अठरा वर्षांखालील मुलांना ती विकू नये, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 1 (बागायतदार, श्रीवर्धन): मुलाबद्दल वाईट वाटते, परंतु निष्कर्ष पटत नाही. आमच्याकडची रोठा सुपारी पिढ्यान्पिढ्या विड्यात खाल्ली जाते. माझ्या आजीने नव्वदीपर्यंत रोज जेवणानंतर विडा खाल्ला. तुमच्या भागातल्या खर्‍यात, म्हणजे सुपारीच्या मिश्रणात, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला असतो, घात तो करतो. तंबाखूचे पाप आमच्या बागांच्या माथी मारू नये.

धागाकर्ता: एका आजीवरून नियम ठरत नाही. तैवानमध्ये सुपारीच्या विड्यात तंबाखू घालण्याची पद्धत नाही, तरीही तिथे तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविना सुपारीही मानवासाठी कर्करोगकारक ठरवली. सोबत तंबाखू असेल तर धोका आणखी वाढतो, एवढेच.

प्रतिसाद 2 (निवृत्त परिचारिका, सातारा): आपण दोघेही पुडीवरच अडकला आहात. पाश्चात्त्य देशांत टॉन्सिल व जिभेच्या मुळाशी होणारा, एचपीव्ही विषाणूशी निगडित कर्करोग वाढतो आहे. आपल्याकडे रोग गाल आणि हिरडीच्या सांध्यात बसतो, कारण घास तिथेच धरून ठेवला जातो. म्हणजे ही जागा आरसा आणि बॅटरी घेऊन दिसण्यासारखी आहे. तिरुवनंतपुरममधील मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2005 मध्ये आले, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांच्या तोंडाची नुसती डोळ्यांनी तपासणी केल्याने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आणि मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावणाऱ्या बायकांना आपण व्यसनी समजतच नाही. त्या दात घासतात असे म्हणून त्यांची नोंदही होत नाही. मला बंदीपेक्षा प्रत्येक उपकेंद्रात तोंड तपासणारी व्यक्ती हवी.

धागाकर्ता: तपासणी हवीच. पण फायब्रोसिसमध्ये आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही. ताई, तपासणीत तो मुलगा सापडला असता, तरी पट्ट्या तोवर पडलेल्याच असत्या.

प्रतिसाद 3 (बागायतदार, श्रीवर्धन): तैवानची गोष्ट मला ठाऊक नव्हती, तिला माझ्याकडे उत्तर नाही. अल्पवयीनांना विक्री नको, हे मान्य. चित्राच्या इशाऱ्याला मात्र माझा विरोध कायम आहे, जोवर बागायतदाराला दुसऱ्या पिकाकडे वळण्यासाठी काय मिळणार, हे कोणी सांगत नाही. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, ती एका आदेशाने उपटता येत नाही.