केट बुश: सुरुवात कुठून करावी? (सल्ला हवा)

सांजवात: 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे ब्रिटिश गायिका केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' कानावर पडलं आणि आवडलं. आता पुढे काय? रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाची सुधारलेली आवृत्ती), संग्रह, लाइव्ह असं बरंच काही दिसतंय. गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहापासून सुरुवात करावी का? जाणकारांनी सांगावं.

खर्जातला_सा: संग्रह नको, थेट 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५) हा अल्बम घ्या. तुमचं गाणं त्यातलं पहिलंच. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला ५ सुटी गाणी. दुसऱ्या बाजूला ७ गाण्यांची सलग मालिका, 'द नाइन्थ वेव्ह': रात्री समुद्रात एकटीच तरंगणारी बाई, डोळा लागला तर संपलंच.

आधी शफल (गाणी उलटसुलट क्रमाने लावणं) बंद करा आणि अ‍ॅपमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं सुरू करणं) शून्यावर आणा, नाहीतर 'अंडर आइस'चा शेवट पुढच्या गाण्यात कालवला जातो. हेडफोन हवाच. 'वेकिंग द विच'च्या सुरुवातीला तिला जागं करणारे आवाज कुजबुजत येतात, फोनच्या स्पीकरवर ते निम्मे हरवतात. त्याच गाण्यात पुढे तिचा आवाज तुटक तुटक येतो. फाइल खराब नाही, ते मुद्दाम केलंय.

१९९७ची सीडी मिळाली तर बाराव्या गाण्यावर ('द मॉर्निंग फॉग') थांबा. पुढची ६ मागाहून जोडलेली आहेत, मालिकेचा शेवट पार विस्कटतो.

मुरकी: +१. तरी पाऊण तासात ओळख हवी असेल तर 'द होल स्टोरी' (१९८६) हा संग्रह काही वाईट नाही.

खर्जातला_सा: मुरकी, त्यातलं 'वुदरिंग हाइट्स' मूळ नाही ना! संग्रहासाठी ८६ साली तिने ते पुन्हा गायलंय. ७८ सालचा तो टोकदार, कोवळा आवाज त्यात नाही. मूळ हवं तर 'द किक इनसाइड' हा अल्बम. हेच स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलेली ती पहिली गायिका, वय १९. त्याच अल्बममधलं 'द मॅन विथ द चाइल्ड इन हिज आइज' तर १९७५चं ध्वनिमुद्रण आहे, म्हणजे सोळाव्या वर्षीचं. 'पिंक फ्लॉइड' बँडच्या डेव्हिड गिल्मरने पदरचे पैसे घालून करून घेतलेलं.

मुरकी: मान्य. 'हाउंड्स'नंतर मग 'एरियल' (२००५). दुसरी तबकडी एका दिवसाची आहे, दुपार ते पहाट, पक्ष्यांच्या आवाजासकट. सलगच ऐका. २०१८च्या रीमास्टरमध्ये त्यातल्या चित्रकाराच्या पात्राचा आवाज बदलून तिच्या मुलाचा घातलाय, त्यामुळे जुनी सीडी वेगळी वाटेल. पहिल्या तबकडीवर 'पाय' आहे, त्यात ती ३.१४१५९ पासून अंक गाते. वही घेऊन बसू नका, मध्येच काही अंक गळलेत.

'डिरेक्टर्स कट' (२०११) मात्र शेवटी. त्यात १९८९ आणि १९९३च्या अल्बममधली गाणी नव्याने, बरीचशी खालच्या पट्टीत केलेली आहेत. मूळ माहीत नसेल तर गंमतच कळत नाही.

सांजवात: धन्यवाद! लाइव्हचं काय? आणि 'द ड्रीमिंग'?

खर्जातला_सा: १९७९च्या दौऱ्यानंतर तिने पूर्ण कार्यक्रम केले ते थेट २०१४ साली, लंडनच्या हॅमरस्मिथला २२. त्याचं ध्वनिमुद्रण 'बिफोर द डॉन' नावाने आहे आणि त्यात 'नाइन्थ वेव्ह' अख्खी मिळते. 'द ड्रीमिंग' (१९८२) चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ठेवा. निर्मिती तिची एकटीची, आवाजांचे थरावर थर, पहिल्या खेपेला गोंगाटच वाटतो. शेवटच्या गाण्यात ती खेचरासारखी ओरडते, तेव्हा रात्री मोठ्या स्पीकरवर नको.