मदत हवी आहे: बाल्कनीत प्राजक्त फुलतो का?

बाबा गेल्यावर आईला चिपळूणहून ठाण्याला, सातव्या मजल्यावर आणलं. तब्येत ठणठणीत आहे, पण पहाटे 5 ला उठून नुसती बाल्कनीत उभी असते. परवा विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, ओंजळ रिकामी वाटते." तिकडे अंगणात प्राजक्ताचा सडा पडायचा. ती परडी भरायची, तोवर बाबा चहा टाकायचे. (चहा भयंकर व्हायचा, ते सोडा.)

बाल्कनी पूर्वेची, ऊन 11 पर्यंत. मोठ्या ड्रममध्ये प्राजक्त फुलतो का? फांदी लावावी की नर्सरीतून रोप आणावं? छाटणी कधी? आणि फुलं खालच्यांच्या बाल्कनीत पडू नयेत म्हणून काय करता? कुणी लावला असेल तर सांगा. गणपतीत चार फुलं मिळाली तरी चालेल.