तो हललेला फोटो डिलीट करू नका

ए-४०४ ताई: सुप्रभात. पहाटे किनाऱ्यावर गेलो होतो, हा त्यातला सगळ्यात बरा फोटो. पक्षी कोणता? घरात दोन मतं पडलीत, निकाल लावा.
(फोटो)

सी-२०३ दादा: सीगल. विषय संपला 😄

बी-७०१ काका: कुरव, म्हणजे दादांचा सीगल, आहे हे नक्की. पण किनाऱ्यावर हिवाळ्यात दोन कुरव शेजारी शेजारी दिसतात, एक काळ्या डोक्याचा आणि एक तपकिरी डोक्याचा. या दिवसांत दोघांचीही डोकी पांढरी असतात, डोळ्यामागे काळसर ठिपका राहतो तेवढाच. तुमचा पाठमोरा बसलाय, पंख मिटलेले, डोळा सावलीत. उडतानाचा एखादा आहे का?

ए-४०४ ताई: आहे, पण हललाय. डिलीटच करत होते.

बी-७०१ काका: थांबा थांबा. तोच टाका.

ए-४०४ ताई: हसू नका कोणी.
(फोटो)

बी-७०१ काका: सुटला की प्रश्न! पंखाचं टोक मोठं करून बघा. बरंचसं काळं, आणि त्या काळ्याच्या आत पांढरा ठिपका. तपकिरी डोक्याचा कुरव. दुसरा असता तर पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर दिसली असती आणि काळं फक्त मागच्या किनारीपुरतं. शेपटीच्या टोकाला काळी पट्टी नाही, म्हणजे पहिल्या वर्षाचं पोर नाही, मोठा आहे. डोळा दिसला असता तर बुबुळ फिकट निघालं असतं.

ए-४०४ ताई: म्हणजे सासूबाई बरोबर. आता दिवसभर ऐकायचं 🙏

ए-१०२ आजोबा: हल्ली मोबाइलला दाखवलं की तोच नाव सांगतो ना? मग एवढी चिरफाड कशाला?

बी-७०१ काका: सांगतो आजोबा. मर्लिन नावाचं ॲप आहे, फोटोवरून सांगतं, आवाजावरूनही सांगतं. पण ते नाव सुचवतं. ते खरं की नाही हे पंखाच्या टोकावरूनच ठरतं, आणि ते टोक फोटोत असावं लागतं.

डी-५०२ वहिनी: काका, मलाही फोटो काढायचेत. कॅमेरा कोणता घेऊ?

बी-७०१ काका: आधी दुर्बीण घ्या. ८×४२ लिहिलेली. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही चालते. महिनाभर नुसतं बघा. पक्षी उडण्याआधी काय करतो हे कळायला लागलं की फोटो आपोआप सुधारतात. बगळा उडण्याआधी मान आखडतो, जरा वाकतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याचं बोट वेळेवर पडतं, बाकीच्यांकडे रिकाम्या वाळूचे फोटो साठतात.

डी-५०२ वहिनी: आणि कॅमेरा आहेच घरात म्हटलं तर? यांचा पडून आहे.

बी-७०१ काका: मग सांगतो, जरा लांबेल.
उडत्या पक्ष्याला शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवावी लागली तर खुशाल वाढवा, फोटो दाणेदार होतो इतकंच. दाणेदार फोटोतून पक्षी ओळखता येतो, फार हलला तर येईलच असं नाही. ताईंना आज नशिबाने साथ दिली. फोकस डोळ्यावर. फोकस सतत पक्ष्यामागे धावत राहील असा मोड असतो, तो लावा.
उजेडात मात्र सगळेच फसतात. ओल्या काळ्या वाळूवर पांढरा बगळा असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसंच पुसली जातात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे करायचं. उलट, आभाळात घार असेल तर ती नुसती काळी सावली येते, तिथे अधिक. मोबाइलवर पक्ष्यावर बोट ठेवून ते खाली किंवा वर सरकवलं की हेच होतं.
आणि घरी येऊन लगेच डिलीट करू नका. आपण सुंदर ते ठेवतो आणि कामाचं फेकतो. पाठ, पोट, पसरलेली शेपटी, पाय, पंखाखालची बाजू, जे जे मिळेल ते राहू द्या. ईबर्ड म्हणून २००२ पासून चालू असलेली नोंदींची साइट आहे, तिथे असले फोटो पुरावा म्हणून चालतात. सोबत जागा, तारीख आणि वेळ हवी.

सी-२०३ दादा: उडतानाचा हवा असेल तर सोपं आहे. आमच्या चिरंजीवाला पळवतो, पाचशे पक्षी एकदम उठतात. व्हिडिओ जबरदस्त येतो.

ए-४०४ ताई: दादा, ते तुम्ही होतात का सकाळी?? आम्ही अर्धा तास दबकून बसलो होतो.

सी-२०३ दादा: अहो पक्षीच आहेत, उडणारच. परत बसतात की.

बी-७०१ काका: बसतात, पण फुकट नाही बसत. हे थवे आता परतीच्या तयारीत आहेत. चिखलातले किडे, शिंपले खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि त्याच भांडवलावर उत्तरेला जायचं. किती लांब? २०२२ च्या ऑक्टोबरात एका गॉडविटला, हाही चिखलात खाणारा किनाऱ्यावरचा पक्षी, उपग्रहाचा टॅग होता. पाच महिन्यांचं पिल्लू. अलास्काहून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, मध्ये खाणं नाही, पाणी नाही, बसणं नाही. ते दक्षिणेला गेलं, आपले उत्तरेला जाणार, पण पद्धत हीच. प्रत्येक वेळी थवा उठवला की त्यातलंच थोडं जळतं. भरतीला तर ते खात नसतात, विश्रांती घेत असतात. तेव्हा उठवणं सगळ्यात वाईट.

सी-२०३ दादा: बरं. हे माहीत नव्हतं. मग जवळ जायचं तरी कसं?

बी-७०१ काका: आपण जायचंच नाही. ओहोटीला चिखल लांबपर्यंत उघडा पडतो, पक्षीही लांब असतात. भरती चढायला लागली की पाणी त्यांना किनाऱ्याकडे रेटतं. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी सूर्य पाठीला घेऊन खाली बसायचं आणि हलायचं नाही. तुतवार, चिखल्या असे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी स्वतः चालत येतात. माना वर करून सगळे एकाच दिशेला बघायला लागले की समजा आपण जास्त जवळ आलोय.

ए-१०२ आजोबा: समुद्र राहू द्या. माझ्या खिडकीवर एक इवलासा काळा पक्षी सकाळपासून चोच आपटतोय. भूक लागली असेल का?

बी-७०१ काका: शिंजीर, नर असणार. काचेत त्याला दुसरा नर दिसतो, त्याला हाकलतोय. विणीच्या दिवसांत थकेपर्यंत करतात. काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा. आतून पडदा ओढू नका, प्रतिबिंब आणखी ठळक होतं. पण त्याआधी कडेला उभं राहून नीट बघा. ऊन तिरपं पडलं की तो काळा राहत नाही, मानेवर जांभळी झाक येते आणि पाठीवर निळी-हिरवी.

ए-१०२ आजोबा: लावला पेपर. गेला. आता शेजारच्या स्कूटरच्या आरशावर बसलाय.

बी-७०१ काका: आरशांना पिशव्या घाला 😄

डी-३०१ (मुलगी): काका मला पण सापडलं!! कुंपणाच्या झुडपात बुलबुलचं घरटं आहे, तीन अंडी. पानं बाजूला करून काढला फोटो.
(फोटो)

बी-७०१ काका: छान नजर आहे बाळा. आता एक काम कर, ती पानं होती तशी परत ओढ आणि उद्यापासून जिन्यातल्या खिडकीतून बघ. बुलबुल पानांच्या आडोशावर विसंबून असतं. आपण फट पाडली की कावळ्याला वाट सापडते, आणि माणूस वारंवार कुठे वाकतोय हेही तो बघून ठेवतो. फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकलास तरी जागा सांगू नकोस.

डी-३०१ (मुलगी): ओके काका. पिल्लं कधी येतील?

बी-७०१ काका: अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, पुढे जवळपास तेवढ्याच दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर पडतात. रोज वही ठेव. आई किती वेळाने येते, चोचीत काय असतं. बाबा पण येतात हं.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो. उद्या माळी कुंपण छाटायला येणार आहेत. दोन तक्रारी आल्यात की झुडपं गाडीला घासतात.

बी-७०१ काका: महिनाभर थांबता येईल का? निदान घरट्याची बाजू सोडून द्या.

डी-५०२ वहिनी: तक्रार माझीच होती. माझी गाडी मी पलीकडे लावते, थांबवा.

सेक्रेटरी: ठीक. गेटजवळचं छाटू, घरट्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट हात लावायचा नाही. माळ्यांना जागा दाखवायला सकाळी आठला खाली कोणीतरी या.

डी-३०१ (मुलगी): मी येते!

सी-२०३ दादा: काका, पुढच्या रविवारी येऊ का मग आम्ही? पळवणार नाही कोणाला.

बी-७०१ काका: या की. पण पुढच्या रविवारी नको. भरती रोज अंदाजे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज सात-साडेसातला होती, आठवड्याने दुपारी एकच्या सुमाराला येईल. ऊन डोक्यावर, वाळू तापून हवा थरथरते, फोटो काही येत नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा सकाळची मिळेल, तेव्हा जाऊ.

सी-२०३ दादा: चालेल. पोराला दोन तास एका जागी कसं बसवायचं ते पण सांगा.

बी-७०१ काका: माझी जुनी दुर्बीण त्याच्याकडे देतो. पट्टा मात्र गळ्यात हवा.