खंडी म्हणजे 356 किलो: हे एआयला रोज सांगायचं की एकदाच लिहून ठेवायचं?

तापीकाठ (जळगाव)

मी आणि माझा एक सहकारी मिळून जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांसाठी (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे) हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. कापूस काट्यावर आला की काटापावती, त्यावरून शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या पैशांचा हिशेब), मग रुई-सरकीचा उतारा, गाठींचा स्टॉक आणि विक्री. दीड वर्षापासून कोडिंगसाठी एआय साहाय्यक वापरतोय. कोड तो झपाट्याने लिहितो. पण नवीन सेशन उघडलं की त्याची पाटी कोरी.

गेल्या हंगामात काय झालं ते सांगतो. गाठींच्या विक्रीचा रिपोर्ट करायला सांगितला. भाव खंडीवर असतो. साहाय्यकाने खंडी म्हणजे 20 मण धरली आणि मण 40 किलोचा, म्हणजे खंडी झाली 800 किलोची. धान्याच्या जुन्या मापात 20 मणांची खंडी होतीच, म्हणून तो अगदीच हवेतून बोलला असं नाही. पण रुईची खंडी 356 किलोची. खंडीला 54,000 रुपये भाव धरा. 170 किलोच्या एका गाठीचे साधारण 25,786 रुपये व्हायला हवेत, रिपोर्टमध्ये आले 11,475. मुनीमजींनी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

ही चूक ढळढळीत होती म्हणून सापडली. दुसरी तशी नव्हती. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि साहाय्यक प्रत्येक वेळी एप्रिल ते मार्च धरायचा. सांगितलं की दुरुस्त करायचा, आठ दिवसांनी दुसऱ्या रिपोर्टमध्ये पुन्हा तेच. तिसरी चूक आठवली तरी मला आजही घाम फुटतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा 5 टक्के जीएसटी 15 नोव्हेंबर 2017 पासून रिव्हर्स चार्जने खरेदीदार भरतो. साहाय्यकाने तो शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा केला होता. कोड नीटनेटका, नावं चांगली, कॉमेंटसुद्धा होत्या. पट्ट्या छापून वाटल्या गेल्या असत्या तर त्या माणसांना आम्ही काय तोंड दाखवणार होतो?

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. प्रोजेक्टची माहिती रेपोमध्येच, म्हणजे कोड ठेवतो त्याच फोल्डरमध्ये, लिहून ठेवायची आणि साहाय्यकाने प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला ती वाचायची. क्लॉड कोड या साहाय्यकाला त्यासाठी क्लॉड डॉट एमडी फाइल लागते, कर्सरला रूल्स, कोपायलटला इन्स्ट्रक्शन्सची फाइल. एजंट्स डॉट एमडी हे नाव आता बरीच साधनं ओळखतात. सोबत कामाचा क्रमही बांधून द्यायचा: आधी आराखडा, तो माणसाने मंजूर करायचा, मग टेस्ट (कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा कोड), मग कोड, मग सगळ्या टेस्ट पुन्हा, आणि कमिट, म्हणजे बदलांची नोंद, लहान. आमची फाइल आज 212 ओळींची आहे. लहान गावातल्या लहान टीमला याची गरज सगळ्यात जास्त, असं मला मनापासून वाटतं. तुमचं मत सांगा. विरोधात असेल तर जरूर सांगा.

धुळेकर

भाऊ, तुनं म्हननं माले पटनं नही. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो.

तुमच्या तिन्ही चुका खऱ्या आहेत, पण उपाय चुकीच्या जागी लावताय. 356 हा आकडा फाइलमधल्या वाक्यात का? तो कोडमध्ये एकाच ठिकाणी, नाव देऊन ठेवा. पट्टीत जीएसटी वजा होता कामा नये याची टेस्ट लिहा: दहा क्विंटलची पट्टी, कर शून्य, नाहीतर बिल्ड लाल, म्हणजे कोड पुढे जाणारच नाही. वाक्य विसरता येतं, टेस्ट विसरता येत नाही. साहाय्यक बदलला, तीन वर्षांनी कंपनीच बदलली, तरी टेस्ट तिथेच असते.

आणि 212 ओळी? मी अशा फाइली पाहिल्यात. पहिल्या महिन्यात उत्साहाने लिहिल्या जातात, सहाव्या महिन्यात त्यातल्या वीस ओळी खोट्या झालेल्या असतात. टेबलाचं नाव बदललेलं असतं, फाइलमध्ये जुनंच. माहितीच नसेल तर साहाय्यक निदान कोड वाचून तरी बघेल. चुकीची माहिती दिली की तो तिच्यावर बिनधास्त विसंबतो. माझ्या एका कामात असंच घडलं. सोडून दिलेली एक लायब्ररी (तयार कोडचा संच) फाइलमध्ये राहून गेली होती, आणि साहाय्यकाने ती इमानेइतबारे परत आणून बसवली. दोन दिवस गेले.

केळीपट्टा (रावेर)

मी तापीकाठच्या बाजूने. आमचं काम केळीच्या खरेदीचं. नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलापासून घेतलेली) यांचे भाव वेगळे, वापसी म्हणजे हलका माल वेगळा. मृगबाग आणि कांदेबाग यांच्या लागवडीचे महिने वेगळे, त्यामुळे कापणीचा अंदाजही वेगळा. हे कुठल्या लायब्ररीत आहे? साहाय्यकाने पिलबागचं भाषांतर करून बागेच्या पिल्लांचं टेबल बनवलं होतं. आम्ही चाळीस शब्दांची एक शब्दसूची लिहून दिली, तेव्हापासून तो प्रश्न संपला. शब्दाचा अर्थ टेस्टमध्ये कसा लिहिणार, धुळेकर?

धुळेकर

शब्दसूची मान्य. शब्दसूची ठेवा. माझा विरोध तिच्यापुढच्या दीडशे ओळींना आहे.

सध्या पुण्यात (मूळ चोपडा)

एक गोष्ट कोणी बोललं नाही. मी 2019 ला जळगावात एका लहान फर्ममध्ये लागलो, दोन वर्षांनी महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला आलो. माझ्याआधी एक जण गेला होता, माझ्यानंतर दोघं गेले. प्रत्येक जण जाताना डोक्यातलं घेऊन गेला. नोटीसच्या शेवटच्या आठवड्यात मालक शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि वहीत लिहून घ्यायचे: सर्व्हर कुठे, पासवर्ड कुठला, अमक्या गिऱ्हाईकाची बेरीज वेगळी का. ती वही नंतर कोणी उघडत नव्हतं, कारण कोड लिहिताना वही समोर नसते.

रेपोमधली फाइल रोज वाचली जाते, मग वाचणारं यंत्र का असेना. चुकीची ओळ असेल तर त्याच दिवशी चुकीचा कोड दिसतो आणि कोणीतरी ती ओळ सुधारतो. त्या वहीच्या नशिबी हे कधीच नव्हतं. म्हणून माझं मत तापीकाठच्या बाजूने, पण कारण वेगळं: फायदा एआयला होवो न होवो, पुढच्या नोकरदाराला होतो.

कॉलेजातली (नंदुरबार)

मी संगणक शिकवते. माझा विरोध दोघांच्याही पलीकडचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीटर नाऊर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलं होतं की प्रोग्रॅम म्हणजे केवळ त्याच्या ओळी नव्हेत. तो घडवणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज म्हणजे प्रोग्रॅम. ती समज कागदावर पूर्ण उतरत नाही. टीम पांगली की कोड आणि कागदपत्रं शाबूत असूनही प्रोग्रॅम मेल्यासारखा होतो, कारण बदल कुठे केला तर मूळ रचनेला धक्का लागणार नाही हे सांगणारं कोणी उरत नाही.

आता तुमचं जिनिंग बघा. मुनीमजींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं ते 356 पाठ होतं म्हणून नाही. गाठीचे पैसे किती व्हायला हवेत याचा अंदाज त्यांच्या अंगात भिनलाय. तुमच्याकडे नवीन लागलेला मुलगा पूर्वी चुका करत, काट्यावर उभा राहत, मुनीमजींची बोलणी खात हा अंदाज कमवायचा. आता माहिती फाइलमध्ये, फाइल साहाय्यक वाचणार, क्रम साहाय्यक पाळणार, मुलगा फक्त मंजूर म्हणणार. आराखडा माणसाने मंजूर करायचा असं तुम्ही लिहिलंय. कोणत्या माणसाने? ज्याने खंडी कधी पाहिली नाही त्याने?

माझ्या वर्गात हे रोज दिसतं. प्रोजेक्ट चालतो, डेमो होतो. 'हे टेबल वेगळं का केलं?' असं विचारलं की मुलं स्क्रीनकडे बघतात. हुशार मुलं आहेत, आदिवासी पाड्यांतून बसने दोन-दोन तास प्रवास करून येतात. त्यांच्या हातून समज निसटू नये ही माझी तळमळ आहे.

भुसावळ जंक्शन

मॅडमचा मुद्दा मोठा आहे, त्यावर तापीकाठनेच बोलावं. मी थोडं तांत्रिक लिहितो.

फाइल लांब असली की सगळ्या सूचना सारख्याच पाळल्या जातील हा समज सोडा. भाषा-मॉडेलला लांब मजकूर दिला तर सुरुवातीचं आणि शेवटचं ते नीट वापरतं, मधलं निसटतं, हे 2023 मध्येच एका शोधनिबंधात मोजून दाखवलं होतं. मॉडेलं त्यानंतर सुधारली, तरी फाइलमधली प्रत्येक ओळ प्रत्येक सेशनला जागा खाते हे खरंच आहे. देवनागरीत लिहिलं तर तोच मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) घेतो. म्हणून आम्ही नियम इंग्रजीत लिहितो आणि खंडी, गाठ, घट हे शब्द मात्र मराठीच ठेवतो.

आणखी एक. फाइल ही विनंती असते. साहाय्यक ती बहुतेक वेळा पाळतो, नेहमी नाही. जे शंभर टक्के व्हायलाच हवं ते हूकमध्ये टाका. क्लॉड कोडमध्ये ही सोय आहे: फाइल बदलली की तुमची स्क्रिप्ट आपोआप चालते, मॉडेलच्या आठवणीवर काही सोडावं लागत नाही. आणि क्वचित लागणारी माहिती स्किल म्हणून वेगळी ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून ती सोय आहे. साहाय्यकाला आधी फक्त नाव आणि थोडक्यात वर्णन दिसतं, काम निघालं तरच आतलं वाचतो. जीएसटीचं काम नसताना जीएसटीची पन्नास वाक्यं त्याच्या डोळ्यांसमोर कशाला?

धुळेकर

भुसावळने माझंच म्हणणं पुराव्यासह मांडलं. त्यात भर घालतो. मेटर या अमेरिकन संस्थेने जुलै 2025 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 16 अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांचेच ओळखीचे प्रोजेक्ट, 246 कामं. एआय वापरायची मुभा होती तिथे त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला, आणि संपल्यावर त्यांना वाटत होतं की आपला 20 टक्के वेळ वाचला. म्हणजे आपल्याला काय वाटतं यावर विसंबता येत नाही. तापीकाठ, फाइलमुळे फायदा झाला हे तुम्ही मोजलंय का?

तापीकाठ (जळगाव)

तीन दिवस उत्तर दिलं नाही, कारण फाइल घेऊन बसलो होतो.

धुळेकर, आधी तुमचा प्रश्न. नाही, मोजलं नाही. हे कबूल करायला हवं. पण त्याच प्रयोगात वेळ वाढण्याची जी संभाव्य कारणं दिली होती, त्यात एक हे होतं की जुन्या, मोठ्या प्रोजेक्टमधली न लिहिलेली माहिती माणसाला असते आणि साहाय्यकाला नसते. मी नेमकं तेच म्हणतोय.

212 ओळी एकेक करून वाचल्या. ज्या ओळीची टेस्ट होऊ शकते तिची टेस्ट लिहिली आणि ओळ काढली. पट्टीत कर शून्य, ही आता टेस्ट आहे. हंगामाचं वर्ष एका फंक्शनमध्ये गेलं. ओलाव्याची कपात आम्ही गद्यात लिहिली होती: सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात, 12 च्या वर खरेदी नाही. खासगी जिनिंगवाल्याचा हिशेब आणखी वेगळा. हे सगळं सेटिंगच्या टेबलात हलवलं, कारण ते बदलतं. चौदा ओळी सरळ खोट्या निघाल्या. तुमचं ते बोलणं खरं ठरलं.

उरल्या 38 ओळी. त्यात शब्दसूची आहे, आणि बाकी सगळी कारणं आहेत. उदाहरणार्थ: 'काटापावती एकदा छापली की दुरुस्त करायची नाही, रद्द करून नवी काढायची, कारण शेतकऱ्याच्या हातातला कागद आणि आपली नोंद यांत फरक पडला तर भांडण काट्यावर होतं.' टेस्ट सांगते की पावती बदलत नाही. का बदलत नाही, हे ती सांगत नाही. आणि कारण माहीत नसलं की साहाय्यक काय करतो ते मी पाहिलंय: टेस्ट आड येते म्हणून टेस्टच बदलतो.

मॅडम, तुमचं पत्र सहकाऱ्यालाही वाचून दाखवलं. आमच्याकडे जूनपासून एक मुलगी लागली आहे, यावलची. तिला आता साहाय्यकासोबत बसवण्याआधी पंधरा दिवस काट्यावर बसवणार. फाइलमध्ये नवी ओळ घालायची असेल तर ती तिने स्वतःच्या शब्दांत लिहायची, मुनीमजींना वाचून दाखवायची, त्यांनी मान हलवली तरच कमिट. यंत्राला समजावून सांगताना माणसालाही समजतं, असा माझा अनुभव आहे. मला 38 पैकी निम्म्या गोष्टी लिहायला बसल्यावरच धड कळल्या. पण समज कागदावर पूर्ण उतरत नाही, हे तुमचं म्हणणं मी खोडू शकत नाही.

कॉलेजातली (नंदुरबार)

काट्यावर पंधरा दिवस, हे ऐकून बरं वाटलं. डिसेंबरात आवक भरात असताना बसवा. ओला कापूस हाताला कसा लागतो ते तिला तेव्हाच कळेल. बाकी माझं मत अजून बदललेलं नाही.

केळीपट्टा (रावेर)

आमची शब्दसूची चाळीस शब्दांची होती, पण कारण एकाचंही लिहिलेलं नव्हतं. नवतीला भाव जास्त, एवढंच लिहिलं होतं. आज बसतो.

धुळेकर

38 ओळींशी माझं भांडण नाही. पण मोजा. एकच काम दोनदा करा, एकदा फाइल ठेवून, एकदा काढून. आणि मुनीमजींना सांगू नका कुठलं कोणतं.

तापीकाठ (जळगाव)

मंजूर. सरकीच्या घटीचा रिपोर्ट करायचा राहिलाय, तोच घेतो. दोन वेगळ्या ब्रँच (कोडच्या स्वतंत्र प्रती), तोच साहाय्यक, तीच पहिली सूचना. सोमवारी सुरू करतो. मुनीमजींपुढे दोन्ही कागद ठेवल्यावर त्यांचं बोट कुठे पडतं ते इथेच लिहीन.