डॉक्टर म्हणतात कवळी छान बसलीय, आईला मात्र काही केल्या नको झालीय

वाचनवेडी: आई ७४ ची. बाबा गेल्यावर काही महिन्यांतच उरलेले दात काढावे लागले आणि वरची-खालची पूर्ण कवळी केली. डेंटिस्ट म्हणतात फिटिंग उत्तम, टोचत होतं तिथे घासूनही दिलं, पण हिचं रोज नवीन काहीतरी, हलते, तोंड भरल्यासारखं वाटतं, जीभ चुरचुरते, आणि कवळी आपली डबीतच. झोप नाही, चारचौघांत बसणं बंद. भाऊ म्हणतो सगळे मनाचे खेळ. मनाचा आणि कवळीचा खरंच संबंध असतो का? की सरळ दुसरी करून घ्यावी?

दातवाला: मी कवळ्याच करतो. संबंध आहे, पण "मनाचे खेळ" म्हणून झटकू नका. खालची कवळी बरीचशी जीभ आणि गालांचे स्नायूच सांभाळतात, ते शिकायला सहा-आठ आठवडे सहज जातात, तेही रोज घातली तर. उदास माणूस घालतच नाही, मग सवय लागणार कधी? शिवाय आधी माणूस गेलं, मग दात गेले, दोन्हीचं दुःख एकदमच. कारागिरी चोख असूनही नाखूष असलेले पेशंट आम्ही कायम बघतो. पण खालचं हाड झिजलेलं असेल तर ती खरोखरच हलते, तेवढं परत तपासून घ्या.

चहा_कमी_साखर: गोळ्या कोणत्या चालू आहेत? सासऱ्यांना अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावर, नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी) होती, तोंड पार कोरडं, आणि लाळ नसली की कवळी धरत नाही, हिरड्या सोलवटतात. हे आधी कुणी जोडलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारा, मनानेच बंद नका करू.

वाचनवेडी: नसांच्या दुखण्याची एक आहे रात्रीची, नाव बघते. भाऊ म्हणतो इम्प्लांट करू, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून.

दातवाला: खाली दोन इम्प्लांटवर बसवलेली कवळी खूप घट्ट राहते हे खरं. पण आत्ता घाई नको, मन असं असताना नवी केली तरी तक्रारी त्याच राहण्याची शक्यता जास्त. जिभेची चुरचुर कोरडेपणाने, बुरशीने होते, नैराश्यातही दिसते, म्हणून तोंड दाखवा आणि फॅमिली डॉक्टरांना जीडीएसबद्दल विचारा, वयस्कर लोकांमधलं नैराश्य ओळखायची १५ हो-नाही प्रश्नांची चाचणी, पटकन होते. तोवर दिवसा थोडा थोडा वेळ घालू दे, रात्री काढून पाण्यात. आणि भावाला सांगा, तिच्यासमोर "मनाचे खेळ" बोलू नको, नाहीतर दुखलं तरी ती सांगायची नाही.