प्रतिसाद: ड्युरामॅक्सचा क्रँक तुटतो, नवा फोर्ज्ड टाकला की भागलं?

नाही भागत. ड्युरामॅक्स ६.६ म्हणजे जीएमचं व्ही-८ डिझेल इंजिन. त्याचा कंपनीचा क्रँकही (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा) फोर्ज्डच, म्हणजे घडीव पोलादाचा असतो, तरी ताकद वाढवलेल्या इंजिनात तो पुढच्या बाजूला, पहिल्या थ्रोपाशी (रॉड बसतो त्या बाकापाशी) तुटतो. मूळ फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-२-७-८-४-५-६-३. म्हणजे १ आणि २ लागोपाठ पेटतात, आणि दोघांचे रॉड एकाच पिनवर! त्यात बॅलन्सिंगचं काही वजन क्रँकबाहेर, डँपर (पुढच्या टोकावरची कंपनं शोषणारी चकती) आणि फ्लेक्सप्लेटवर (मागच्या टोकाची, गिअरबॉक्सकडची चकती). आरपीएम वाढला की ते लटकतं वजन क्रँकचं टोक वाकवत राहतं.

तुटलेला तुकडा उजेडात तिरका धरून बघा. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (जर्नलांना जोडणारा आडवा भाग) यांच्या गोलसर कोपऱ्यातून, म्हणजे फिलेटमधून, शिंपल्यासारख्या रेषा पसरलेल्या दिसल्या तर तो फटीग, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने हळूहळू वाढलेली चीर. एका झटक्यात तुटलेला नाही.

म्हणून नवा क्रँक घेताना नुसतं मटेरियल विचारू नका. फिलेट रेडियस किती, नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक करणं) आहे का, बॅलन्स इंटर्नल (सगळं वजन क्रँकवरच) की एक्स्टर्नल (काही वजन बाहेर), हे विचारा. इंटर्नल असेल तर डँपर आणि फ्लेक्सप्लेट दोन्ही न्यूट्रल, म्हणजे बॅलन्सच्या वजनाशिवायचे, हवेत. जुनी वजनाची फ्लेक्सप्लेट तशीच लावणं ही नेहमीची घोडचूक. मोठ्या फिलेटला चँफर केलेली (कड तिरकी कापलेली) बेअरिंग लागतात, नाहीतर बेअरिंगची कड फिलेटवर चढते.

ऑइल क्लिअरन्सचा (जर्नल आणि बेअरिंगमधल्या तेलाच्या फटीचा) ढोबळ हिशेब व्यासाचा हजारावा भाग: ८० मिमी जर्नलला ०.०८ मिमी. प्लास्टिगेजवर (दाबून फट मोजायचा मऊ धागा) विसंबू नका, बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) मोजा. आणि फायरिंग ऑर्डर बदलणारा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टाकणार असाल, तर इसीएम (इंजिनाचा संगणक) ट्यूनही त्याच ऑर्डरचा लागतो.